तांदळाच्या पिशवीतलं नागरिकत्व

मे महिन्यात आमच्या पेडण्याच्या घरच्या अंगणात दोन गोष्टी उन्हात पडतात, सासूबाईंची सोलं आणि माझे कागद. सोलं सुपात, कागद जुन्या चादरीवर, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड. पहिल्या वर्षी सासूबाई हसल्या होत्या, आता स्वतःच आठवण करतात, "गो, तुजे कागद वतांत घाल, मागीर पावस येतलो." गोव्याचा पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, कपाटातला कागद जुलैपर्यंत सादळलेल्या पापडासारखा होतो आणि ऑगस्टमध्ये त्याला बुरशीचा वास येतो.

हे कागद म्हणजे नवऱ्याच्या जुन्या पगाराच्या स्लिपा. इंग्लंडातल्या स्विंडनच्या वेअरहाऊसमधल्या, २०११ पासूनच्या, बासमतीच्या दहा किलोच्या चेनवाल्या पिशवीत कोंबलेल्या. आणि ह्या स्लिपांमुळे माझी मुलगी ब्रिटिश आहे. म्हणजे ती स्विंडनच्या हॉस्पिटलात जन्मली हे खरं, पण नुसत्या तेवढ्याने काही होत नाही, हे मला कळायला एक वर्ष आणि बरीच रडारड लागली. परवा माझ्या मावसबहिणीच्या जावेचा लेस्टरवरून फोन आला, सातवा महिना चालू आहे तिला, आणि तिने अगदी तेच विचारलं जे मी २०१७ मध्ये भेटेल त्याला विचारत होते, "ताई, बाळ इथेच जन्माला येणार म्हणजे ते इथलंच ना?" तिला फोनवर तासभर सांगितलं, मग म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

तर, नाही. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून तिथे जन्मलं म्हणून मूल ब्रिटिश होत नाही. जन्माच्या दिवशी आई किंवा बाप, दोघांपैकी एक तरी ब्रिटिश किंवा तिथे 'सेटल्ड', म्हणजे कायमचं राहण्याचा हक्क असलेला, असायला लागतो. म्हणजे प्रश्न बाळाचा नसतोच, त्या एका तारखेला तुम्ही कोण होता हा असतो, आणि ते सिद्ध तुम्हीच करायचं.

आता आम्ही कोण होतो ही पण एक कथाच आहे. सासरे पेडण्यातलेच, १९६१ च्या आधी जन्मलेले, त्यामुळे त्यांचा जन्म पोर्तुगीज रजिस्टरात. गोव्यात ह्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो, लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिक होता येतं आणि पुढे मुलांना पण. नवऱ्याने ते सगळं केलं, तेओर सर्टिफिकेट, म्हणजे जुन्या जन्मनोंदीची पूर्ण नक्कल, काढलं, आणि बघतो तर आजोबांचं आडनाव 'पोरोबो'. आम्ही परब. पोर्तुगीज कारकून ऐकू येईल तसं लिहायचा, कामताचं कामोतिम, नाईकाचं नाइके, आता साठ वर्षांनी पोरोबो आणि परब हा एकच माणूस हे शपथेवर सांगायचं. 'वन अँड सेम'चं ॲफिडेव्हिट गोव्यातल्या प्रत्येक घरात एक तरी असेल. ते झालं, पोर्तुगीज पासपोर्ट आला, भारतीय पासपोर्ट सरेंडर केला (हे त्याने वेळेत केलं ह्याबद्दल मी त्याला आजही मानते, का ते पुढे सांगते) आणि जानेवारी २०११ मध्ये तो युरोपियन म्हणून स्विंडनला कामाला गेला. तिथे तेव्हाच इतके गोंयकार होते की लग्नानंतर मी गेले तर पहिल्याच आठवड्यात शेजारणीने सुंगटांचं हुमण आणून दिलं. मी मात्र भारतीयच राहिले, युरोपियनाची बायको म्हणून फॅमिली परमिटवर.

मुलगी, घरात तिला बायच म्हणतो, मार्च २०१७ ची. ब्रेक्झिटचं मतदान होऊन नऊ महिने झालेले, सगळे घाबरलेले, रोज कोणीतरी नवीन अफवा घेऊन यायचं. जन्माची नोंद करायला गेलो तर दोन तऱ्हेचे दाखले, एक छोटा आणि एक पूर्ण. छोटा फुकट होता म्हणून तोच घेऊन आलो, गोंयकारपणा. छोट्यावर फक्त बाळाचं नाव-गाव-तारीख असते, आईबापाचं नाव नसतं. आणि अख्खं प्रकरण आईबापावर उभं! लेस्टरवाल्या बाईला मी पहिली गोष्ट हीच सांगितली, पूर्ण दाखला घे, दोन प्रती घे, पैसे बघू नकोस.

मग आम्ही एका सल्लागाराकडे गेलो, ओळखीतून. त्याने फाईल न उघडताच सांगितलं, तुमच्याकडे परमनंट रेसिडन्सचं कार्ड नाही म्हणजे मुलगी ब्रिटिश नाही, तिला नागरिक करून घ्यायला रजिस्ट्रेशनचा अर्ज करा, सरकारी फी जवळजवळ हजार पौंड आणि माझी वेगळी. आम्ही तिथून चालत घरी आलो, बसचे पैसे पण जड वाटत होते तेव्हा. नवरा काही बोलला नाही. रात्री मी बाळाला पाजत फोनवर वाचत बसले, वाचत बसले, आणि पहाटे कधीतरी लक्षात आलं की तो माणूस चुकतोय.

कारण असं की तेव्हाच्या नियमात युरोपियन माणूस सलग पाच वर्षं तिथे काम करत असेल तर कायमचं राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळायचा. कार्ड हा नुसता पुरावा. स्वतः ब्रिटिश नागरिक व्हायला अर्ज करायचा असेल तर ते कार्ड २०१५ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं झालं होतं, सल्लागाराने दोन्ही गोष्टींची खिचडी केली होती. जानेवारी २०११ ते जानेवारी २०१६, पाच वर्षं पुरी, बाय त्यानंतर चौदा महिन्यांनी. म्हणजे ती पहिल्या श्वासापासून ब्रिटिश! रजिस्ट्रेशन नकोच होतं, थेट पासपोर्टचा अर्ज करायचा आणि सोबत पाच वर्षांचा पुरावा लावायचा.

पाच वर्षांचा पुरावा हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत.

आम्ही पिशवी जमिनीवर उलटी केली. तिकडे प्रत्येक टॅक्स वर्ष ५ एप्रिलला संपतं आणि कंपनी पी-६० नावाचा एक कागद देते, वर्षभराचा पगार आणि कापलेला कर, एकाच पानावर. नोकरी सोडली की पी-४५. आमच्याकडे पी-६० तीन सापडले. एकावर चहाच्या कपाचं वर्तुळ. आठवड्याच्या स्लिपा मात्र ढीगभर, हातभर लांब, काहींची शाई उडालेली. बाय पाळण्यात आणि आम्ही दोघं गालिच्यावर बसून आठवडे जुळवतोय, "हा ऑक्टोबर कुठला, बाराचा की तेराचा?" २०१३ मधले चार महिने सापडेचनात. तेव्हा तो एका एजन्सीतर्फे रात्रपाळी करायचा आणि त्यांनी शेवटपर्यंत एक कागद दिला नव्हता, फोन केला तर नंबर बंद. त्या चार महिन्यांवरून आमची जी भांडणं झाली ती सांगत नाही.

सुटका केली ती तिथल्या कर खात्याने, एचएमआरसीने. त्यांना पत्र लिहून तुमच्या नोकऱ्यांचा इतिहास मागता येतो, कुठल्या वर्षी कुठल्या मालकाने तुमच्या नावाने काय भरलं ते सगळं छापून येतं. आमच्या पत्रात ती एजन्सी होती! म्हणजे कागद दिला नाही तरी कर भरला होता त्यांनी, देव त्यांचं भलं करो. २०१८ मध्ये पासपोर्ट आला. तेव्हा ब्रिटिश पासपोर्ट पण लालच होता, बापाच्या पोर्तुगीज पासपोर्टाशेजारी ठेवला तर जुळा वाटायचा, आणि माझा निळा एका बाजूला.

बायच्याच वॉर्डात तिच्या आगेमागे जन्मलेला एक मुलगा आहे, मडगावकडचे ते लोक, बाप पोर्तुगीजच, पण त्याची चारच वर्षं भरली होती. तो मुलगा ब्रिटिश झाला नाही. एकाच हॉस्पिटलात, तोच पाळणा, तीच नर्स. पुढे बापाला सेटल्ड स्टेटस मिळाल्यावर पैसे भरून त्याचं रजिस्ट्रेशन करावं लागलं.

आता ती पाच वर्षांची आपोआपवाली सोय राहिलेली नाही. ब्रेक्झिटनंतर युरोपियनांची सेटलमेंट स्कीम आली, मुख्य मुदत ३० जून २०२१ ला संपली, आणि आता बाळाच्या जन्माच्या दिवशी हातात सेटल्ड असलं तर प्रश्न नाही, प्री-सेटल्ड, म्हणजे पाच वर्षं न भरलेल्यांचं तात्पुरतं स्टेटस, असलं तर बाळाचा स्कीममध्ये वेगळा अर्ज, जन्मापासून तीन महिन्यांत, फुकट असतो म्हणून विसरायचा नाही. लेस्टरवाली मात्र दोघंही भारतीय, ती नर्स, वर्क व्हिसावर. तिचं बाळ भारतीय. तेही आपोआप नाही हं, परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करायची, आणि ह्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर दिल्लीची परवानगी. मग भारतीय पासपोर्ट, त्यावर तिकडचा डिपेंडंट व्हिसा. पुढे दोघांपैकी एकाला कायमचं राहण्याचा हक्क मिळाला की बाळाला ब्रिटिश म्हणून रजिस्टर करता येतं, किंवा पहिली दहा वर्षं तिथेच वाढलं तर त्या जोरावर. हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तोवर ते नुसतं आमच्या मागे मागे." हो बाई, मागे मागे.

आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये परत आलो, सासऱ्यांची तब्येत. मोपाचा विमानतळ आमच्या घरापासून इतका जवळ की आता विमानं छपरावरून जातात, पण तो सुरू व्हायला काही आठवडे बाकी होते, त्यामुळे दाबोळीला उतरलो. इमिग्रेशनला भारतीयांची रांग वेगळी, परदेशी लोकांची वेगळी. मी एकीकडे, बाप-लेक दुसरीकडे. बाय पाच वर्षांची, दोरीपलीकडून ओरडली, "आई, तू चुकीच्या रांगेत उभी आहेस!" रांगेतले सगळे हसले, मी पण हसले, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना.

आणि इथे सगळं उलटं झालं. तिकडे तिला हक्क मिळाला बापाच्या स्लिपांमुळे, मी त्यात कुठेच नव्हते. इथे पेडण्यात, तिच्या आजोबांच्या घरात, तिला राहायला आधी व्हिसा आणि मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्टवाल्या आपल्या माणसांना भारतात राहू देणारं कार्ड, आणि ते मिळालं ते माझ्या त्या निळ्या पासपोर्टावर, आई भारतीय म्हणून. आम्ही पणजीच्या एफआरआरओत, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसात, अर्ज केला, १५,००० रुपये फी, पूर्ण जन्मदाखला, त्यावर तिकडचा अपॉस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचा सरकारी शिक्का, पाहिजे म्हणून मूळ दाखला मित्राने मिल्टन कीन्सच्या ऑफिसला पाठवला, लग्नाचं सर्टिफिकेट, दोघांची संमती. फोटोत मागची भिंत पांढरी चालली नाही म्हणून फोटो दोनदा. सहीची चौकट एवढीशी, रेघेला लागली तर परत. बायने कॅलेंडरच्या मागे सराव केला, आजीने शिकवलेल्या मराठी अक्षरात, जोडाक्षर प्रत्येक वेळी चौकटीबाहेर. शेवटी जमलं.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व असं गावात सगळे म्हणतात. तसं नाहीये. मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, नवऱ्याला सासऱ्यांचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग, वारसाने मिळेल पण शेजारचा तुकडा घ्यायचा म्हटलं तर माझ्या नावावर. आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने नीट, जेईईसारख्या परीक्षांना ओसीआय मुलं एनआरआय जागांवर गेली. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये जुन्या कार्डवाल्यांना वाचवलं, पण बायचं कार्ड त्या तारखेनंतरचं. ती तिसरीत आहे, तिला पोदेर व्हायचंय, सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकायचेत, तेव्हा तूर्तास काळजी नाही.

भारतीय पासपोर्ट परत केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट होतं म्हणून नवऱ्याचं ओसीआय सुरळीत झालं. ज्यांनी वेळेत सरेंडर केलं नाही आणि पासपोर्ट रद्द झाला ते कितीतरी जण अडकून पडले होते, २०२४ मध्ये रद्द केल्याचं सर्टिफिकेट पण चालेल असं दिल्लीने मान्य केलं तेव्हा आमच्या वाड्यावर एका घरात चक्क पेढे वाटले.

आता आमच्या डोळ्यासमोर २०२७. सेटल्ड माणूस सलग पाच वर्षांहून जास्त बाहेर राहिला की स्टेटस जातं, म्हणजे त्या डिसेंबरच्या आत आम्हा दोघांना एक चक्कर मारावीच लागेल. त्याच वर्षी बायचा पासपोर्ट संपतो, नवा आला की तीन महिन्यांत ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा. तिचं स्वतःचं नागरिकत्व मात्र कुठे राहिली तरी जात नाही, घरात तीच एक निवांत.

लेस्टरवालीने शेवटी विचारलं, "ताई, मग तुम्ही अजून स्लिपा का ठेवल्यात, पासपोर्ट तर मिळाला ना?" मला उत्तर आलं नाही पटकन. दुपारी कागद गोळा करायला गेले तर सूप कलंडलं होतं, २०१४ च्या पी-६० वर सोलांचा लालभडक ओघळ. नंबर दिसतोय, नाव दिसतंय. पुसून, अजून तासभर उन्हात ठेवून, परत पिशवीत घातला.