शवपेटीतून वेशीबाहेर

नेतृत्वावर बोलायला बोलावलं की मी हटकून पहिल्या शतकातले यहुदी धर्मगुरू रब्बान योहानान बेन झक्काई यांच्याबद्दल बोलतो. मग कुणीतरी विचारतंच, “वेढा पडलेलं शहर सोडून शत्रूच्या छावणीत गेलेला माणूस नेता कसा?” तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट लिहितो.

इ.स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केलं, ७० मध्ये जेरुसलेम पडलं आणि तिथलं यहुद्यांचं मंदिर जळालं. वेढ्यातल्या शहराची कथा तालमूद या यहुदी धर्मग्रंथात आहे. शहरातल्या तीन धनाढ्यांकडे धान्य, तेल-मीठ आणि सरपण एवढं होतं की एकवीस वर्षं पुरलं असतं. विद्वान मंडळी म्हणत होती, तह करू. जहाल तरुण म्हणत होते, लढू. लोक लढायला उठावेत म्हणून त्या तरुणांनी धान्याची कोठारंच पेटवून दिली.

त्यानंतरचा एक प्रसंग वाचताना आजही माझ्या पोटात कालवतं. मार्ता नावाची श्रीमंत बाई नोकराला मैदा आणायला पाठवते. मैदा संपलाय, पण पांढरं पीठ मिळतंय, असं सांगायला तो परत येतो. ती म्हणते, तेच आण. तो बाजारात पोचेपर्यंत तेही संपलेलं. मग काळपट पीठ, मग जवाचं पीठ. दर वेळी तो विचारायला घरी येतो आणि दर वेळी ते संपून गेलेलं असतं. शेवटी ती स्वतः अनवाणी बाहेर पडते आणि रस्त्यातच मरते.

जहालांचा म्होरक्या अब्बा सिक्रा हा योहानान यांचा भाचा. त्यांनी त्याला गुपचूप बोलावून विचारलं, “किती दिवस लोकांना असं उपाशी मारणार?” तो म्हणाला, “काय करू? मी काही बोललो तर मलाच मारतील.” नेतृत्वाबद्दल बोलताना मी या उत्तरावर बराच वेळ थांबतो. म्होरक्या तो होता, पण आपल्याच माणसांना आवरायची सोय त्याला उरली नव्हती.

मग भाच्यानंच युक्ती सुचवली. योहानान मेले अशी आवई उठवली आणि एलिएझर व यहोशुआ या दोन शिष्यांनी त्यांना शवपेटीतून वेशीबाहेर नेलं. वेशीवरचे जहालांचे पहारेकरी प्रेताला भाला खुपसून बघणार होते. “आपल्याच गुरूला भोसकलं असं रोमन म्हणतील,” असं सांगून भाच्यानं त्यांना थांबवलं. छावणीत योहानाननी रोमन सेनापती वेस्पासियनला राजा म्हणून संबोधलं, आणि तो सम्राट झाल्याची खबर तिथेच आली. खूश होऊन तो म्हणाला, माग काय हवं ते. त्यांनी यावने हे गाव आणि तिथले विद्वान मागितले, रब्बान गमलिएल या धर्मगुरूंच्या घराण्याला अभय मागितलं, आणि जेरुसलेम वाचावं म्हणून चाळीस वर्षं उपास करून खंगलेल्या रब्बी झादोकसाठी वैद्य मागितला.

ही कथा पुढे काही शतकांनी या रूपात आली. तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, तपशील जुळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक संवाद घडलाच असं मी म्हणणार नाही. पण तुमचा प्रश्न त्या कथेतच विचारलेला आहे, तोही फार कडक शब्दांत. रब्बी योसेफ (काहींच्या मते रब्बी अकिवा) म्हणतात, देवानं या शहाण्याची बुद्धीच फिरवली. या वेळेपुरतं जेरुसलेमला सोडून द्या, असं योहानाननी मागायला हवं होतं. त्यावर तालमूदचं म्हणणं एवढंच, की एवढं मिळणार नाही आणि मग थोडंही वाचणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

मरताना योहानान रडले. शिष्यांनी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, माझ्यापुढे दोन वाटा आहेत, एक स्वर्गाची, एक नरकाची. मला कोणत्या वाटेनं नेतील ठाऊक नाही. मला वाटतं, त्या रडण्यात यावनेचा सौदा होताच. एवढी शंका मनात ठेवून जो निर्णय घेतो आणि पुढची वर्षं तो निभावतो, त्याला मी नेता म्हणतो.

आणि निभावणं म्हणजे नुसतं शिकवत बसणं नव्हतं. त्याआधी नववर्षाचा सण, रोश हशाना, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आला की शोफार हे मेंढ्याचं शिंग फक्त मंदिराच्या ठिकाणी फुंकत. मंदिर गेल्यावर असा सण आला. योहानान म्हणाले, फुंकूया. बेतेरा घराण्यातले विद्वान म्हणाले, आधी चर्चा करू. योहानान म्हणाले, आधी फुंकू, मग चर्चा. फुंकून झाल्यावर ते लोक चर्चेला आले, तर यांचं उत्तर, “यावनेत शिंग ऐकू आलं, आता झालेल्या गोष्टीवर वाद नको.” म्हणजे शंका बाळगणारा हा माणूस अडून बसणाऱ्यांपुढे थांबला नाही. मंदिरावाचून धर्म कसा चालेल या भीतीनं लोक खचले होते, त्यांना त्या दिवशी शिंगाचा आवाज हवा होता.

बळी देऊन पापक्षालन होत असे, ते ठिकाणच गेलं म्हणून यहोशुआ भग्न मंदिरापाशी हळहळले, तेव्हाही योहानाननी होशेय या संदेष्ट्याचं वचन ऐकवलं: मला दया हवी आहे, बळी नको. दयेची कामं हेही तसंच पापक्षालन आहे, असं त्यांनी शिष्याला समजावलं.

यावनेची सूत्रं पुढे गमलिएल यांच्याकडे गेली, म्हणजे ज्या घराण्यासाठी योहानाननी अभय मागितलं त्याच घराण्याकडे. योहानान स्वतः बेरोर हायिल या गावी शिकवू लागले. चांगलं न्यायपीठ हवं असेल तर त्यांच्यामागे बेरोर हायिलला जा, असं तालमूदनं लिहून ठेवलं आहे.