नाव मागे घ्यायचं दार रोज उघडं असायचं

साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागलात की भरतीची पोरं भेटतात. चढावर पळत जातात, वर मंगळाईच्या देवळापाशी दम खातात आणि पुन्हा खाली. पेन्शन आल्यापासून मीही तिथं फिरायला जातो. मी पॅरा एसएफला, म्हणजे फौजेच्या पॅराशूट रेजिमेंटमधल्या स्पेशल फोर्सेसला होतो हे कळलं की एक प्रश्न ठरलेला असतो, "काका, डायरेक्ट पॅरा एसएफला जाता येतं का?" नोव्हेंबर 2015 मध्ये पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात शहीद झाले. ते साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकलेले, 21 पॅरा एसएफचे अधिकारी. तेव्हापासून तर हा प्रश्न फारच येतो. चालता चालता त्याचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून इथं लिहितोय. मी सांगतोय तो काळ 1995 ते 2000 चा. 2022 पासून अग्निपथ (अग्निवीर) योजना आली आणि भरतीचे नियम बदलले, त्यामुळे नियम आजच्या जाहिरातीतच बघा. मी फक्त माझ्यावर काय गुजरलं ते सांगतो.

माझं गाव माण तालुक्यातलं. पावसाचा भरवसा नाही, शेती कोरडवाहू, त्यामुळे घरटी एक तरी माणूस फौजेत. आमच्या आळीत एक तात्या होते, 2 पॅरामधून पेन्शन आलेले. ही मुळात मराठा पलटण. 11 डिसेंबर 1971 ला टांगाईलला विमानातून उड्या टाकून पूंगलीचा पूल काबीज केला, तीच. तात्या त्या उडीत होते. पण त्यांना उडीबद्दल विचारलं तर ते फार बोलायचे नाहीत. "पोरा, उडी काय, दोन मिनिटांची. तिथवर जायला मिळणं हे खरं," एवढंच म्हणायचे. तेव्हा मला ते उगाच मोठेपणा टाळतात असं वाटायचं.

1995 ला भरती निघाली. आदल्या रात्रीच मैदानाबाहेर रांग, पेपर अंथरून झोपलेली हजारो पोरं, पहाटे छातीवर नंबर. मैलाची दौड, बीम म्हणजे दांड्याला लटकून हनुवटी वर नेणं, नऊ फुटी खड्डा, झिगझॅग, छाती 77 आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. मग मेडिकल, लेखी. आठ-नऊ किलोमीटर चालत शाळा केलेल्या पोराला यातलं काही जड गेलं नाही. मला बेळगावचं मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं ट्रेनिंग सेंटर मिळालं. तिथले महिने रगड्यात कसे गेले ते ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. कसम परेडला आई पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर आली होती.

सेंटरला असतानाच, 1996 मध्ये, आमच्याच रेजिमेंटची 21 मराठा ही पलटण पॅरा एसएफ झाली. बराकीत रात्री दुसरा विषय नसायचा. तिथं मला पहिल्यांदा नीट कळलं, की स्पेशल फोर्सेसला जायच्या वाटा दोन. एक, रंगरूट (नवा भरती झालेला) म्हणूनच पॅराशूट रेजिमेंटच्या सेंटरला जायचं. ते आधी आग्र्याला होतं, 1992 पासून बंगळूरला. दुसरी, आधी आपल्या पलटणीत पक्का जवान व्हायचं आणि मग स्वतःहून नाव द्यायचं. दोन्ही वाटा पुढं एकाच ठिकाणी येतात, प्रोबेशनला, म्हणजे निवडीच्या कसोटीला. तिथं कुणी कुठून आलाय याला किंमत नाही.

ही स्वतःहून नाव द्यायची रीत जुनी. सुट्टीवर गेल्यावर तात्यांनी मला ती समजावली होती. 1965 च्या लढाईत मेजर मेघसिंग यांनी वेगवेगळ्या पलटणींतून स्वेच्छेने आलेले जवान गोळा करून एक तुकडी उभी केली, मेघदूत फोर्स. सीमेपलीकडं घुसून तिनं जे करून दाखवलं त्यातून 1966 ला 9 पॅरा कमांडो झाली आणि पुढच्या वर्षी तिच्यातूनच 10 पॅरा कमांडो. म्हणजे या फौजेचा पहिला माणूसच हात वर करून आलेला. "हुकमानं आलेला माणूस तिथं चालत नाही," तात्या म्हणायचे. पुढं मला याचा अर्थ कळला, पण त्यासाठी एकदा परत फिरावं लागलं.

1999 ला मी पलटणीत अर्ज दिला. सुभेदार साहेबांनी समोर बसवून विचारलं, घरी विचारलंस का, कुणाच्या नादानं देतोयस का. मग सीओ साहेबांची, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरची शिफारस, मेडिकल, आणि मी स्वखुशीने जातोय असं लिहून सही. निघताना सगळ्या कंपनीनं पाठीवर थापा मारल्या. त्या थापांचं ओझं पिठ्ठूपेक्षा, म्हणजे पाठीवरच्या सामानाच्या पिशवीपेक्षा जास्त होतं, हे मला तिथं गेल्यावर समजलं.

प्रोबेशन आमच्या वेळी नव्वद दिवसांचं. लोकांना वाटतं तिथं नुसता मार आणि शिव्या. तसं नाही. तिथं झोप नसते. रात्री तीस-चाळीस किलोमीटर पिठ्ठू आणि हत्यार घेऊन चालायचं, परतल्यावर डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा फॉल-इन, म्हणजे रांगेत हजर, आणि त्या अवस्थेत नकाशा वाचायचा, वायरलेसवरचा निरोप अक्षर न चुकता पुढं द्यायचा. आणि रोज, अगदी रोज, उस्ताद (शिकवणारे) शांत आवाजात विचारायचे, "कोई वापस जाना चाहता है?" लंगरमधून, म्हणजे स्वयंपाकघरातून गरम चहाचा वास येत असायचा. हात वर केला की त्या माणसाला चहा मिळायचा, अंघोळीला पाणी, झोपायला खाट, आणि दुसऱ्या दिवशी पलटणीत परत जायचं प्रवासाचं वॉरंट. कुणी त्याला नावं ठेवायचं नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा माझ्यापेक्षा चांगला पळायचा, बारा-पंधरा बीम सहज मारायचा. एका पहाटे त्यानं हात वर केला आणि जाताना माझ्याकडं बघितलं नाही.

मी हात वर केला नाही. मी दुसरी चूक केली. तिसऱ्या आठवड्यात उजव्या टाचेला फोड आला, फुटला, आणि मी तो लपवला. सांगितलं तर काढून टाकतील अशी भीती. पाच-सहा दिवसांत त्यात पू झाला, ताप भरला, आणि एका रात्रीच्या मार्चमध्ये मी मधेच बसलो. माझा पिठ्ठू आणि रायफल बाकीच्यांनी आळीपाळीनं वाहिली. सकाळी बूट कापून काढावा लागला. आरटीयू, म्हणजे पलटणीत परत. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की तू टाच लपवलीस, उद्या दुश्मनाच्या इलाख्यात गोळ्या संपल्याचंही लपवशील का? वर्षभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

परत आल्यावर पलटणीत कुणी काही बोललं नाही, पण पहिले दोन महिने मला मेसमध्ये मान वर करून जेवता आलं नाही. सुट्टीवर आलो तेव्हा तात्यांनी हकीकत ऐकून घेतली आणि घरातून गोधडीची सुई आणि पांढरा दोरा आणला. फोड कसा हाताळायचा ते त्यांनी माझ्याच पायावर दाखवलं. सुई काडीच्या जाळावर धरायची, फोडाच्या कडेनं आत घालून दुसऱ्या कडेनं बाहेर काढायची आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापायची. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं, वरची कातडी मात्र शाबूत राहते आणि तीच खालच्या कच्च्या मांसाला झाकते. मोजे कोरडे ठेवायचे, ओले झाले की छातीशी धरून सुकवायचे. आणि पाय रोज साथीदाराला दाखवायचे, त्याचे आपण बघायचे. वर्षभर मी पिठ्ठूत वाळू भरून पळालो. सुट्टीत यवतेश्वरचा घाट चढायचो. पण जास्त मेहनत घेतली ती तोंड उघडायची. मला जड जातंय हे मला कुणाला कधी सांगता यायचं नाही.

2000 ला पुन्हा अर्ज, पुन्हा तीच सही. यावेळी दुसऱ्याच आठवड्यात फोड आले, दोन्ही पायांना. मी संध्याकाळी बूट काढून उस्तादांपुढं उभा राहिलो. त्यांनी पाय उचलून बघितला, दोरा बघितला, विचारलं कुणी शिकवलं. मी म्हणालो, गावाकडच्या 2 पॅराच्या एका माणसानं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या स्क्वाडला खाली बसवून मला ते करून दाखवायला लावलं.

उरलेले दिवस गेले. आम्ही सुरुवातीला जेवढे होतो त्याच्या एक चतुर्थांशही शेवटी उरलो नाही. मग आग्र्याला पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, साडेबाराशे फुटांवरून. तात्या म्हणाले होते तसंच, दोन मिनिटांचं काम. छातीवर लावायचे विंग मिळाले, पॅराची ओळख असलेली मरून बेरेट (टोपी) आधीच मिळाली होती.

पहिल्या सुट्टीत बेरेट घेऊन तात्यांकडं गेलो. त्यांचे हात तोवर थरथरायला लागले होते. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि सूनबाईंना बादलीभर पाणी आणायला सांगितलं. मी आणलेली बेरेट पाण्यात बुडवून पिळली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि उजव्या कानाकडं तळहातानं दाबत दाबत बसवली. पाणी माझ्या मानेवरून सदऱ्यात उतरत होतं.

"बसव नीट," ते म्हणाले, "आणि वाळेपर्यंत काढू नको."