उरलेल्या माल्टची काकवी आणि चोथ्याचं पीठ: आमची वाटचाल

आमचं काम दुसऱ्यांकडे उरलेल्या मालावर चालतं. पुणे परिसरातल्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे छोट्या बिअर कारखान्यात, एखादी बिअर यादीतून गेली, की तिच्यासाठी मागवलेली माल्टची पोती अर्धी उघडी तशीच राहतात. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वाळलेली फुलं, फ्रीझरमध्ये पडून, यीस्टची पाकिटं मुदत संपत आलेली. परदेशातून येताना हौसेनं बिअरचं किट आणलेले लोकही विचारत येतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे ते सामान कपाटातच राहतं. हा सगळा माल खाण्यालायक आहे, फक्त त्याला वेळेत दुसरी वाट दाखवावी लागते.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, तीच ही रीत. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारं पाचक द्रव्य, म्हणजे एन्झाइम, तयार होतं. अंगणवाडीत बाळाच्या घट्ट पेजेत चिमूटभर मोडाचं पीठ घातलं की पेज पातळ होते, ती याचीच करामत. फिकट माल्टमध्ये हे एन्झाइम जिवंत असतं. कॅरॅमल माल्ट आणि काळा भाजलेला माल्ट यांत ते उष्णतेनं मेलेलं असतं. सुरुवातीला आम्ही सगळी पोती एकत्र करून काकवी करायला घेतली आणि निम्मं पिष्ट तसंच राहिलं. तेव्हापासून पोतं आलं की आधी परीक्षा.

परीक्षा सोपी आहे. 50 ग्रॅम तांदळाचं पीठ 300 मिली पाण्यात शिजवून खळ करायची. ती 65 अंशांवर आली की 20 ग्रॅम माल्टचं पीठ ढवळायचं आणि भांडं गरम ठेवायचं. माल्ट जिवंत असेल तर दहा मिनिटांत चमच्याला चिकटणारी खळ ताकासारखी सुटते आणि अर्ध्या तासात जिभेला गोड लागते. खळ तशीच राहिली तर ते पोतं काकवीला घेऊ नये.

आता काकवी. 5 किलो फिकट माल्ट भरडून घ्यायचा. दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटावा, टरफल मात्र अखंड राहावं. पीठ झालं तर गाळताना सगळा लगदा घट्ट बसतो आणि रस खाली उतरत नाही. 15 लिटर पाणी 72 अंशांवर आणून त्यात भरडा सोडला, की मिश्रण 66 अंशांच्या आसपास स्थिरावतं. झाकून, गोणपाटात गुंडाळून तासभर ठेवायचं. 75 च्या वर गेलं तर एन्झाइम झपाट्यानं मरतं, 60 च्या खाली पिष्ट नीट फुगत नाही. तासानंतर बशीत चमचाभर रस घेऊन आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा झाला तर पिष्ट अजून उरलंय, म्हणून आणखी अर्धा तास. बशीतला रस टाकून द्यायचा, परत भांड्यात नाही.

रस गाळून, चोथ्यावर 75 अंशांचं साडेसात लिटर पाणी हळूहळू ओतून उरलेली गोडी धुऊन घ्यायची. साधारण 17 लिटर रस मिळतो. तो लगेच आटवायला चढवा. आपल्या हवेत गोड रस रात्रभर राहिला तर सकाळी फसफसलेला असतो आणि मग तो माल नुसता वायाच जात नाही, कायद्याच्या कचाट्यातही सापडतो. पहिल्या उकळीला मोठा फेस येतो, तेव्हा कढई अर्धीच भरावी. शेवटच्या टप्प्यात आच अगदी मंद ठेवून सतत उलथणं फिरवावं, कारण घट्ट रस तळाला लागला की जळकट चव आख्ख्या घाण्याला येते. 80 ब्रिक्सला, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साधारण 80 ग्रॅम साखर झाली की, उतरवायची. पहिल्या पावसाळ्यात आम्ही 72 वर उतरवलेल्या बाटल्या महिन्याभरात बुरसल्या. तारेवर अंदाज बांधण्यापेक्षा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजायचं उपकरण, घेतलेला बरा. 5 किलोची साडेतीन किलोच्या पुढे काकवी मिळते. गुळाच्या काकवीपेक्षा गोडीला कमी, वासाला भाजक्या पोळीसारखी. दुधात छान लागते.

खरी कसोटी चोथ्याची. 5 किलो माल्टचा साडेसहा किलो ओला चोथा निघतो, त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी. उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत आंबूस होतो. म्हणून गाळल्याबरोबर फडक्यात पिळून, ट्रेमध्ये एक सेंटिमीटरचा थर देऊन 60 ते 65 अंशांवर वाळवायला जातो. सात-आठ तास लागतात, दर तासाला हात फिरवायचा. जाड थर दिला तर वरून कोरडा दिसतो, आतून ओला राहतो आणि पिशवीत बुरशी धरतो. दाणा दाताखाली कडकन मोडला तरच चक्कीवर. दमट राहिला की दगडावर पीठ लिंपतं आणि जळतं.

वाळून दीड किलोच्या आसपास राहतो. त्यात प्रथिनं आणि तंतू भरपूर, पण गोडी गेलेली आणि टरफल टोचणारं. बारीक चाळणी लावायलाच हवी. पोळीच्या कणकेत दहा टक्क्यांपर्यंत चालतो, त्यापुढे टरफल कणकेचा चिवटपणा तोडतं आणि पोळी चिरते. थालीपिठाच्या भाजणीत पंधरा टक्के सहज खपतो, फक्त पाणी थोडं जास्त घ्या. आमचा सगळ्यात जास्त चोथा भाजणीतच जातो. जवात ग्लुटेन असतं, तेव्हा पाकिटावर तसं ठळक छापतो.

काळा माल्ट बिस्किटांत दोन-तीन टक्केच, जास्त झाला तर कडू. भरडलेल्या पोत्यांना पावसाळ्यात ओल लवकर लागते. माल्ट चावल्यावर कुरकुरीत न लागता चिवट लागला तर आम्ही घेत नाही. सोंडे दिसले तर घट्ट बांधून उणे 18 अंशांवर चार दिवस ठेवतो, म्हणजे अंडीही मरतात.

हॉप्सचं सरबत करतो, त्याला ते थोडेच लागतात. 80 अंशांच्या खालच्या पाण्यात लिटरला 2 ग्रॅम, पंधरा मिनिटं, मग गाळून लिंबू आणि साखर. उकळलं तर कडवटपणा उतरतो. जुन्या हॉप्सना चीजसारखा वास येतो, ते टाकून द्या, पण कुत्र्याच्या तोंडी लागणार नाहीत असे. हॉप्स खाल्ले तर कुत्र्याचं अंग भयंकर तापतं, जीवही जातो. कुत्र्यांच्या बिस्किटांची मागणी आम्हाला आहे, पण त्यासाठी हॉप्स पडण्याआधी निघालेलाच चोथा वापरतो आणि हॉप्सचे डबे वेगळ्या खोलीत ठेवतो.

यीस्टची पाकिटं कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून बघतो. वीस मिनिटांत फेस आला तर पावाला चालतं, पण बेकरीच्या यीस्टपेक्षा पीठ फुगायला कितीतरी जास्त वेळ लागतो. फेस नाही आला तर ते खतात. ब्रुअरीच्या टाकीच्या तळाचा यीस्टचा ओला गाळ मात्र दोनदा धुतला तरी हॉप्सचा कडवटपणा सोडत नाही, तो आम्ही अजून घेत नाही.