पीएचडी केली, प्राध्यापक झाले नाही

गोव्यातल्या आमच्या डिचोलीत एखाद्या मुलीने पीएचडी केली म्हणजे ती कॉलेजात शिकवणार, असं लोक धरूनच चालतात. चवथीला घरी जमलेल्या नातेवाइकांनी मला ‘कुठल्या कॉलेजात?’ एवढंच विचारलं. ‘पुढे काय करायचं आहे?’ असं विचारणारं कोणी नव्हतं. आज मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. एमएस्सीच्या मुली अधूनमधून फोन करतात, ‘ताई, शिकवायचं नसेल तर पीएचडी करण्यात अर्थ आहे का?’ त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते ते इथे सलग लिहिते आहे.

माझा विषय होता मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखाकडचा गाळ आणि त्यातले धातू. खाणीतलं खनिज बार्जमधून मांडवीवाटे मुरगाव बंदराकडे जायचं. पावसाळ्यात आग्वादजवळची वाट बंद झाली की त्याच बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत शिरायच्या. माझ्या बाबांचा ट्रक खाणीवर होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग काही सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ज्या खनिजावर आमचं घर चाललं, त्याचं लोह आणि मँगनीज नदीच्या तळाशी किती साठलंय, हे मला मोजायचं होतं.

काम असं: ओहोटीची वेळ बघून खारफुटीत उतरायचं, प्लॅस्टिकचा पाइप गाळात सरळ दाबायचा, वर काढून त्याच्या दोन-दोन सेंटीमीटरच्या चकत्या करायच्या. वरची चकती अलीकडची, खालची जुनी. शिसं-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं असतं, त्यावरून साधारण शतकभराच्या गाळाचं वय काढता येतं. मग वाळवणं, दळणं, आणि टेफ्लॉनच्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक आम्लाने गाळ विरघळवणं. हे आम्ल काचेलाही खातं आणि कातडीतून आत हाडापर्यंत पोचतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय माझ्या मार्गदर्शक मॅडम कोणाला फ्यूमहूडजवळ, म्हणजे आम्लाच्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाजवळ, उभं राहू देत नसत. दर बॅचबरोबर एक ब्लँक, म्हणजे गाळ न घालता नुसत्या आम्लांचा नमुना, आणि एक प्रमाणित नमुना चालवायचा, म्हणजे ज्यातल्या धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक आहे असा. त्याचा आकडा जुळला नाही तर अख्खी बॅच बाद, मग तिच्यात आठवड्याची मेहनत असली तरी. पीएचडीने काय दिलं, असं विचारलं तर मी हेच सांगेन: मशीनने दिलेला आकडा खरा आहे याची स्वतःची खात्री पटल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय. पदवी फार नंतर आली. सवय दुसऱ्याच वर्षी अंगात भिनली होती.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण मुली ते विचारायला संकोचतात. मला नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप होती. तेव्हा दरमहा ३१,००० रुपये मिळायचे, दोन वर्षांनी तिची एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप झाल्यावर ३५,०००, घरभाडे भत्ता वेगळा. १ जानेवारी २०२३ पासून हेच आकडे ३७,००० आणि ४२,००० झाले. दोन्ही मिळून पाच वर्षं. आमचा ट्रक दारात उभा असताना त्या पैशाचा घराला आधार होता. फेलोशिप हातात नसेल तर पीएचडीला नाव घालण्याआधी दहादा विचार करा, असं मी स्पष्ट सांगते, आणि त्यात विषयाच्या प्रेमाचा अपमान होत नाही.

तिसऱ्या वर्षी सल्लागार समितीची बैठक आटोपल्यावर मॅडमनी मला बसवून घेतलं आणि विचारलं, “तुला या कामातलं नेमकं काय आवडतं? पेपर लिहिणं, शिकवणं, फील्ड, की मशीन?” त्यांनी स्वतः आयुष्यभर शिकवलं, तरी माझं उत्तर त्यांनी गृहीत धरलं नाही, याचं मला आजही मोल वाटतं.

मी सगळ्या वाटा नीट पाहिल्या. संशोधनात राहायचं तर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, बहुधा गोव्याबाहेर, दोन-तीन वर्षांच्या करारावर, आणि एक संपला की दुसरा. सरकारी कॉलेजात जायचं तर गोवा लोकसेवा आयोगाची जाहिरात यायला हवी. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान या अटी मला अडणाऱ्या नव्हत्या. पण माझ्या विषयाची कॉलेजं मोजकीच, आणि कायमची जागा निघते ती कोणीतरी निवृत्त झाल्यावर. तोवर कंत्राटावर किंवा लेक्चर बेसिसवर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढे पैसे. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे हे सगळे सांगतात. त्या वेतनापर्यंत पोचायला किती वर्षं तासांवर काढावी लागतील, हे कोणी सांगू शकत नाही. शिवाय १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट, स्लेट या राज्य पातळीवरच्या परीक्षा ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. ज्यांना फक्त पदवी कॉलेजात शिकवायचं आहे त्यांनी हे आधी वाचावं. शिकवण्याच्या ओढीसाठी पाच-सहा वर्षं गाळात उतरायलाच हवं असं नाही.

एका सत्रात मी लेक्चर बेसिसवर शिकवलंही. प्रॅक्टिकलला मुलांच्या हातात ब्युरेट दिली की माझा वेळ कसा जायचा कळत नसे. वर्गात उभं राहून तोच अभ्यासक्रम पुढच्या वर्षी पुन्हा सांगायचा, या विचाराने मात्र मन उभारी धरत नव्हतं. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं: मला मोजमाप आवडतं. आकडा बरोबर येण्यामागची सगळी झटापट आवडते.

औषधांचं दार एका सीनियरमुळे उघडलं. औषधांतल्या धातूंच्या अशुद्धीसाठी आयसीएच क्यूथ्रीडी ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहे, तिच्यात २४ मूलद्रव्यं आहेत. पहिल्या वर्गात आर्सेनिक, कॅडमियम, पारा आणि शिसं. यादी वाचताना मी खुर्चीत सरळ बसले. यांतले कितीतरी धातू मी वर्षानुवर्षं गाळात मोजत होते, आणि धातूंचं अगदी अल्प प्रमाण मोजणारं आयसीपी-एमएस हे यंत्रही तेच. मुलाखतीत थिसिसचं नावसुद्धा कोणी विचारलं नाही. रिकव्हरी कमी आली, म्हणजे नमुन्यात असलेल्या धातूपेक्षा कमी धातू मोजला गेला, तर काय तपासाल, डिटेक्शन लिमिट, म्हणजे ओळखता येणारं किमान प्रमाण, कशी काढली, क्लोरीनमुळे आर्सेनिकचा आकडा फुगतो तेव्हा काय करता, असे प्रश्न होते. त्यांची उत्तरं मी कुठल्या पुस्तकातून पाठ केलेली नव्हती.

आईला समजावणं याहून कठीण गेलं. “बाय, एवढं शिकून कारखान्यात?” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे शिफ्ट आणि भोंगा होता. बाबांनी मात्र एकच विचारलं, काम कायमचं आहे का. ज्यांनी खाण दोनदा बंद होताना पाहिली त्यांचा पहिला प्रश्न हाच असणार.

नोकरीत सगळं मनासारखं आहे असं नाही. पद्धत एकदा प्रमाणित झाली की कुतूहलापोटी तिच्यातली एक पायरीसुद्धा बदलता येत नाही. वहीतल्या प्रत्येक नोंदीवर तारीख, सही, आणि तपासणाऱ्याची दुसरी सही. गाळात अनपेक्षित आकडा आला की आम्ही हरखायचो. इथे तो आला की चौकशी सुरू होते, आणि ते योग्यच आहे, कारण ती गोळी कोणीतरी रोज घेणार असतं. पण ‘असं का?’ हा प्रश्न मनात आला की त्यामागे महिनाभर लागायची मोकळीक आता नाही, आणि तिची उणीव मला जाणवते. ज्यांना त्या मोकळिकीशिवाय जगणं शक्य नाही त्यांनी विद्यापीठ सोडू नये, पोस्टडॉकची अनिश्चितता सोसावी. अशा माणसांची तिथे गरज आहे. बाकीच्यांनी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वाट निवडावी, थिसिस जमा केल्यावर नव्हे. मला दीड वर्ष हातात होतं, म्हणून मुलाखतीची तयारी थिसिस लिहिता लिहिता झाली.

थिसिसच्या एका प्रकरणावरचा पेपर अजून व्हायचा आहे. खाणी थांबल्यानंतरच्या वरच्या थरात मँगनीज कसं वागतं, हा त्याचा विषय. कंपनीच्या वार्षिक मूल्यमापनात तो कुठे धरला जाणार नाही. मॅडमच्या नव्या विद्यार्थिनीने त्याच जागेवरून पुन्हा कोअर, म्हणजे पाइपात भरलेला गाळाचा उभा नमुना, काढली आहे, आणि रविवारी आम्ही तिघी तिचे आकडे माझ्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहतो. पावसाळ्याआधी तो जर्नलकडे धाडायचा आहे.