माल तापला की गेला

बाटलीच्या तोंडावरचं वेष्टन फुगलं होतं. आतलं बूच करंगळीच्या नखाएवढं वर आलं होतं आणि मानेवरून जांभळा ओघळ उतरून वाळला होता. माळ्यावरून काढली तेव्हा काच हाताला कोमट लागली. जून उजाडला होता, पण आमच्या सावद्यात, जळगाव जिल्ह्यात, पावसाचा पत्ता नव्हता. फेब्रुवारीत लग्नासाठी नाशिकला गेलो, तेव्हा एका द्राक्षमळ्यातून वाईनच्या चार बाटल्या हौसेने आणल्या होत्या, त्यातली ही शिराज, लाल वाईन. ग्लासात ओतली तर रंग विटकरीकडे झुकलेला, वास मनुका शिजवून आटवल्यासारखा. बाकीच्या तिन्हींची गत तीच.

पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण जास्त लागलं ते वेगळंच. मी केळीचा व्यापार करतो. माल तापू द्यायचा नाही, हे आमच्या धंद्याचं पहिलं शिक्षण. केळी लांब पाठवायची तर 13-14 अंशांवर. त्याखाली गेली तर साल काळवंडते, वर गेली तर वाटेतच पिकते. आणि वाईन साठवायला चांगलं तापमान कोणतं, तर 12 ते 14 अंश. आकडा माझ्या रोजच्या तोंडातला होता. बाटलीतही फळाचाच माल आहे, एवढं मात्र डोक्यात आलं नव्हतं.

मग थर्मामीटर घेऊन घर पालथं घातलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45-46 पर्यंत जातो. स्लॅबखालच्या माळ्यावर दुपारी 41 अंश, खालच्या मजल्यावरच्या लाकडी कपाटात 35. गावातल्या जुन्या धाब्याच्या घरात, आतल्या कोठीच्या खोलीत 30. मातीच्या जाड भिंतींचं मोल त्या दिवशी आकड्यात कळलं. तिथेही उन्हाळा काढणं वाईनला जडच, पण दिवसरात्रीचा फरक दोन-तीन अंशांपलीकडे जात नाही. रोजची चढउतार वाईनला फार बाधते. तापली की फुगते, निवली की आकसते, आणि त्या खेचाखेचीत बुचाच्या कडेने हवा आत शिरते.

मावसभावाचं केळी पिकवायचं चेंबर आहे, 16 ते 18 अंशांचं. मला वाटलं, घरबसल्या तळघर मिळालं. सहा बाटल्या कोपऱ्यात आडव्या ठेवल्या. दोन महिन्यांनी लेबलं सुटून खाली पडलेली, बुचांवर बुरशीची लव. केळीला 90 टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो, वाईनला 60-70 पुरे. शिवाय पिकताना केळी स्वतःच उष्णता सोडते, त्यामुळे तापमान एका जागी राहत नाही. वाईन आतून चांगली निघाली, पण कोणती बाटली कोणती हे ओळखता येईना. तो नाद सोडला.

आता माझी रीत साधी आहे. खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एका वेळी तीनच बाटल्या. परवाना काढलेला आहे. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली कितीही स्वस्त असो, घेत नाही. आतल्या रांगेतली मागून घेतो. लेबलावरचं वर्ष पाहतो. आपल्या रोजच्या किमतीच्या वाईन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात, जपून ठेवल्याने त्या सुधारत नाहीत. बूच वर आलंय का हे बोटाने चाचपतो, मानेतली पातळी उतरलीय का हे बघतो. बुचाची बाटली आडवी ठेवतो म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते.

उन्हाळ्यात उरलेली बाटली ऑफिसच्या छोट्या फ्रिजमध्ये, खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो. वडील माळकरी आहेत, त्यामुळे घरच्या फ्रिजचा विचारही केला नाही. दोन-तीन महिने निभावतात, त्याहून जास्त ठेवली तर फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच वाळतं. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, लाल असली तरी. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं सांगतात, पण ती खोली युरोपातली, 16-18 अंशांची. आमच्याकडे लाल बाटलीसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये घालून मगच उघडावी.

वाहतुकीचा धडा बायकोने दिला. मागच्या एप्रिलमध्ये नाशिकहून येताना ती म्हणाली, "अहो, एसी आपल्यासाठी लावता आणि बाटल्या डिकीत तापत ठेवता?" त्या मागच्या सीटवर आणल्या, धुळ्याला जेवायला थांबलो तेव्हा पिशवीही हॉटेलात घेतली.

जेवणाबरोबर काय, हे मी शेवभाजीवर शिकलो. काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर शिराज घेतली आणि तोंडात आग पेटली. लाल वाईनचा तुरटपणा आणि दारूचा अंश, दोन्ही तिखटाला चढवतात. त्याच रश्श्याला किंचित गोडसर, गार शेनिन ब्लां ही पांढरी वाईन घेतली तर मिरची निवते आणि मसाल्याचा खमंगपणा राहतो. नाशिकच्या या वाईनवर माझा जीव आहे. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, पावसाळा सरता सरता होते, जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी, म्हणजे आमच्या भरिताच्या दिवसांतच तिकडे नवा माल तयार होतो.

या जानेवारीत शेतात भरीत पार्टी केली. बामणोदची हिरवी वांगी पऱ्हाट्यांवर, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजली, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घालून ठेचली, बरोबर कळण्याच्या पुऱ्या. थंडी 11 अंशांवर उतरली होती. शेनिन ब्लांच्या दोन बाटल्या विहिरीच्या काठावर तासभर आधीच ठेवल्या होत्या, बर्फ लागला नाही. काचेवर दव धरलं होतं. पहिला घोट घेतला, भाजलेल्या वांग्याचा धूर अजून जिभेवर होता, आणि मावसभावाने न विचारताच ग्लास पुढे केला.