काचेचं हँडल आणि दीड मिलिमीटर

बाबांची १९६९ ची फियाट ११०० डिलाइट दोन वर्षं झाली बेळगावात टिळकवाडीत आमच्या दारात अर्धी उघडी उभी आहे. इंजिन झालं, पत्रा झाला, आता सगळं अडतंय ते बारक्या पार्टांवर. आणि त्यातल्या एका पार्टाबद्दल मला जे वाटतंय ते लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

ड्रायव्हरच्या बाजूचं काच वर-खाली करायचं हँडल मोडलेलं होतं, बाकी तीन दारांची शाबूत. एका पार्टवाल्यानं फोटो पाठवला, जुना पुठ्ठ्याचा डबा, पिवळा पडलेला कागद, "साहेब, कुर्ल्याच्या फॅक्टरीतला जुना स्टॉक आहे, हात पण लागलेला नाही", आणि मी भाव न करता साडेतीन हजार पाठवून दिले. पार्सल आलं, हँडल हातात घेतलं आणि तेव्हाच जड वाटलं.

उद्यमबागेत ओळखीच्या एका मामांची धातू ओतायची छोटी फौंड्री आहे. नवं आणि जुनं, दोन्ही हँडलं घेऊन तिकडे गेलो. मामांनी नवं हँडल नुसतं पालथं केलं आणि म्हणाले, "हे वाळूतलं हाय बे, डायकास्टिंग न्हवं." म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेलं, डायमध्ये, म्हणजे धातूच्या पक्क्या साच्यात नाही. जुन्याची मागची बाजू गुळगुळीत, त्यावर डायमधून पार्ट बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल वण. नव्याची मागची बाजू रवाळ, आणि कंपनीचा पार्ट नंबर तोच पण त्याच्या कडा बोथट, वापरलेल्या साबणावरच्या नावासारख्या. मग बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावला. जुनं ९० मिलिमीटर, नवं साडेअठ्ठ्याऐंशीच्या किंचित वर.

म्हणजे कुणीतरी ओरिजिनल हँडलच पॅटर्न म्हणून, म्हणजे साचा उठवायचा नमुना म्हणून, वाळूत दाबलं होतं. वितळलेलं पितळ गार होताना साधारण दीड टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न करणारा पॅटर्न तेवढा मोठा ठेवतो, पण पार्टच पॅटर्न केला की नवा पार्ट तेवढा बारीक येतो, आणि कंपनीचा नंबर मात्र न कोरता आपोआप उठतो. वजनाचं पण तेच, जुनं जस्ताच्या मिश्रधातूचं, नवं पितळेचं, पितळ जवळपास पाव पट जड. बेळगावात फौंड्रीवाल्याच्या पोराला सुद्धा हे कळतं आणि मला पैसे पाठवताना सुचलं नाही.

आता मला राग नक्की कशाचा आला, तर ते हँडल नवीन बनवलेलं आहे याचा नाही. पितळेचं आहे, चांगलं फिरतं, कदाचित जुन्यापेक्षा जास्त टिकेल. "नवीन करून घेतलंय, आठशे रुपये" म्हणाला असता तर मी आनंदानं घेतलं असतं. त्याला जो पिवळा कागद गुंडाळला तो मला सहन होत नाही, कारण पन्नास वर्षांनी दुसरा कुणीतरी हे हँडल बघून म्हणेल की फियाटची हँडलं पितळेची असायची, आणि ते खोटं माझ्या गाडीतून पुढे गेलेलं असेल.

असलंच दुसरं म्हणजे बॅज. याच गाडीला पुढे मिळालेलं पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, तरी १९६८-६९ च्या गाड्यांवर पद्मिनीचा चकचकीत बॅज लावून लोक मिरवतात. बॅज खरा असेल हो, पण त्या गाडीचा नाही.

उलट ब्रेकचा होज, व्हील सिलिंडरची रबरं, पेट्रोलचा पाइप, इथे ओरिजिनलचा हट्ट धरणाऱ्यांना मी हात जोडतो. रबर डब्यात पडून पण कडक होतं. पन्नास वर्षांपूर्वीचा न वापरलेला होज लावून चोर्ला घाट उतरायचा का? तिथे नवीनच घाला.

२०२१ च्या केंद्राच्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, त्यात बघतात ते चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन. हँडल कोण बघणार? पण जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेचा, फिवाचा, ट्यूरिन चार्टर आहे, त्यात काढलेले महत्त्वाचे मूळ पार्ट गाडीसोबत जपून ठेवा असं सांगितलंय, आणि मला ते मनापासून पटलं. मोडकं हँडल मी बिस्किटाच्या डब्यात घालून डिकीत ठेवलंय, सोबत चिठ्ठी, कधी काढलं आणि का.

मग मामांनाच म्हटलं, तुम्हीच एक करून द्या, आकसणं धरून. त्यांनी लाकडाचा पॅटर्न केला, मोठा धरून, आणि विचारलं, "मागचा नंबर पण घालू काय? हुबेहूब येतंय." मी नको म्हटलं, त्याऐवजी मागे 'बेळगाव २०२४' असा पंच मारा. मामा जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आमच्या गावाचं नाव फियाटला? मारतो की मग."

आता ते प्लेटिंगला दिलंय, तांबं, निकेल, मग क्रोम. प्लेटिंगवाल्याला दोनदा सांगून आलोय की मागची बाजू बफ करू नको, पंच पुसून जाईल.