नऊ घोंगड्या

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कानपूरच्या एक बाई राहायला आल्या. मराठी शिकायची भारी हौस. आमचा पेपर वाचून झाला की तो घेऊन जायच्या आणि अडलेले शब्द विचारायला संध्याकाळी यायच्या. एकदा ‘विवाहितेचा छळ, पतीसह सासू-सासऱ्यांवर गुन्हा’ या बातमीवर बोट ठेवून म्हणाल्या, “दीदी, धोखा तो पती ने दिया ना? फिर सास-ससुर को क्यों पकड़ा?”

मला आधी प्रश्नच कळेना. मग डोक्यात उजेड पडला. हिंदीत छल म्हणजे फसवणूक. त्यांच्या हिशेबी नवऱ्याने बाहेर काहीतरी भानगड केली होती आणि म्हातारा-म्हातारी उगाचच अडकली होती.

शब्द एकच. फलाचं फळ झालं, बलाचं बळ झालं, तसं छलाचं छळ. पण फळ आणि बळ जिथल्या तिथे राहिले, छळ मात्र ‘ळ’ घेता घेता अर्थही बदलून आला. संस्कृतात छल म्हणजे कपट, लबाडी. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, ‘द्यूतं छलयतामस्मि’, म्हणजे फसवणाऱ्यांमधलं द्यूत मी आहे. मराठी कानाला ते ‘छळणाऱ्यांमधला जुगार’ असं ऐकू येतं. लग्नघरात रात्रभर रमीला चौथा भिडू म्हणून ज्याला बसवलंय, त्याला यात काही चुकल्यासारखं वाटणार नाही.

मग लबाडीचा जाच झाला कसा? याचा धागा मला सापडला तो न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाच्या नव्हे, जुन्या तर्कशास्त्राच्या. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ, म्हणजे अभ्यासाचे विषय, सांगितलेत, त्यातला चौदावा छल. (त्याच यादीत वितंडाही आहे. आपण मराठी माणसांनी काय काय उचललं बघा.) समोरच्याच्या शब्दाला भलताच अर्थ चिकटवून त्याला तोंडघशी पाडायचं, हा छल. त्याचे तीन प्रकार, पैकी पहिला वाक्छल. उदाहरण ठरलेलं: कुणीतरी म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याने नवी घोंगडी पांघरलीय. लगेच दुसरा विचारतो, “नऊ? अहो, मला तर एकच दिसतेय!” संस्कृतात नव म्हणजे नवीन आणि नव म्हणजे नऊसुद्धा. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते त्यालाही पक्कं ठाऊक असतं, पण तो आपला घोंगड्या मोजत बसतो.

हे वाचलं आणि मला आमच्या आत्याच्या सासूबाई आठवल्या. त्यांनी आत्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. आत्याने फोडणीला तेल घातलं की चुलीपाशी बसून कौतुकाने म्हणायच्या, “आमच्या सूनबाईंचा हात फार सढळ आहे हो!” आलेल्या-गेलेल्यालाही तेच ऐकवायच्या. सढळ हात म्हणजे दिलदार. सढळ हात म्हणजे उधळ्याही. आत्याचे डोळे भरले तर या चकित व्हायच्या, “अगं, चांगलं बोलले ना मी!” खरंच, चांगलंच बोलल्या होत्या. नवी घोंगडी की नऊ घोंगड्या, ते ज्याचं त्याने ठरवावं. पुढे आत्याचा स्वतंत्र संसार झाला, सासूबाई गेल्या, पण तेल घालताना पळी बरणीच्या काठाला टेकवून शेवटचा थेंब निथळेपर्यंत थांबायची सवय तिची शेवटपर्यंत गेली नाही.

मराठीने छलाचा छळ केला तो अशाच एखाद्या चुलीपाशी बसून केला असावा, असं माझं आपलं एक मत.

विवाहितेच्या छळासाठी दंडसंहितेत ४९८-अ हे कलम १९८३ साली आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याची ८५ आणि ८६ ही कलमं झाली. बातमीतले शब्द मात्र तेच: ‘शारीरिक व मानसिक छळ’, ‘माहेरहून पैसे आण’. आत्याने फिर्याद दिली असती तर ठाणे अंमलदाराने काय लिहून घेतलं असतं? ‘सासू सढळ म्हणाली’?

दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना आपल्याकडे बायका म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ त्या बळीविषयी गीतगोविंदकार जयदेवाने बाराव्या शतकात वामनाला उद्देशून लिहिलं, ‘छलयसि विक्रमणे बलिम्’. म्हणजे पावलं टाकताना तू बळीला फसवतोस. मीही शाळेत असताना त्याचा अर्थ बेधडक ‘बळीला छळतोस’ असा लावला होता आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली होती. आता वाटतं, बळीला विचारलं असतं तर त्याने मार्क दिले असते. तीन पावलं जमीन मागताना पाऊल बटूचं होतं, मोजताना ते त्रिविक्रमाचं झालं. हा वाक्छल नाही तर काय? आणि त्यापायी जो पाताळात गेला, त्याने त्याला लबाडी म्हणायचं की जाच?

अलीकडे या शब्दाला आपण फारच घरगुती करून टाकलंय. डास छळतात, ओटीपी छळतो, जुन्या आठवणी तर कवितांमधून घाऊक छळतात. ज्या शब्दाने लैंगिक छळ म्हणायचं आणि नाझींच्या छळछावण्या म्हणायच्या, त्यानेच डासही मारायचे, हे मला थोडं खटकतं. पण खटकतं असं म्हणणारी मीच काल लिफ्ट बंद पाहून “काय छळ आहे!” म्हणाले आणि पिशव्या घेऊन चार मजले चढले.

कानपूरच्या बाईंची मराठी आता बरीच सुधारलीय. परवा सकाळी रिकामी बादली घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, “दीदी, आज पाण्याने छळ केला.”

मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. पण खाली सोसायटीच्या फळ्यावर ‘सकाळी ७ वाजता पाणी सोडण्यात येईल’ असं लिहिलेलं होतं, आणि साडेदहा वाजून गेले होते.